माऊस कवा थांबत न्हाई

सातारला माझी नोकरी टिकली ती आमच्या घरमालकांमुळं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ते इतक्या वेळा चुकलेले दिसतील की वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करायला बसली आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. छापलेलं नाव त्यांना आवडायचं नाही. "छापल्याला मानूस एकतर निवडणुकीला हुबा असतो, न्हाईतर गेल्याला असतो," असं म्हणायचे. गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणायची.

आप्पा उभी हयात कोयनानगरला प्रकल्पावर नोकरीला होते. नक्की काय होते ते मला कधी उलगडलं नाही. कधी म्हणत पंपावर होतो, कधी म्हणत बोगद्यात होतो. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणायच्या, "सगळीकडं हुते. कुठंच टिकू दिलं न्हाई ह्यांस्नी." निवृत्त झाल्यावर त्यांनी सातारला शुक्रवार पेठेत लहानसं घर घेतलं आणि मागची एक खोली भाड्यानं द्यायला काढली. ती मी घेतली.

प्रकल्पावरून येताना त्यांनी एक पिवळं हेल्मेट आणलं होतं. ते सायकलवर घालायचे. त्या दिवसांत सातारला मोटारसायकलवाले हेल्मेट घालत नव्हते आणि हा माणूस चढाला सायकल हातात धरून चालतानासुद्धा डोक्यावर पिवळा टोप. मंडईत बायका विचारायच्या, "आप्पा, खान कुठं लागली?" आप्पा आधी वर बघायचे, मग म्हणायचे, "वरनं पडायचं ते सांगून पडत न्हाई. वांगी कशी दिली?"

घरात उंचावर काही ठेवलेलं त्यांना चालायचं नाही. त्या घरात एक फळी नव्हती. बरण्या, डबे, हंडे, ट्रंका, देवसुद्धा, सगळं भुईला. भिंतीच्या कडेनं ओळीनं मांडलेलं. पाहुणा आला की त्याला पाय कुठं ठेवायचा ते दाखवावं लागे. काकूंची कंबर दिवसभर वाकलेली. त्या म्हणायच्या, "ह्या घरात भूकंपानं कोन मरत न्हाई. बरनीला अडकून मरंल." दारामागं दोन तांबे एकावर एक पालथे घालून ठेवलेले असत. धरणीला हादरा बसला की वरचा पडणार, वाजणार, आणि आम्ही बाहेर पळणार, अशी ती व्यवस्था होती. मी तिथं होते तोवर तांब्या पुष्कळदा पडला आणि प्रत्येक वेळी मांजरामुळं पडला. तरी आप्पा आम्हाला अंगणात उभं करायचेच. काकू उष्ट्या हातानं, मी केस अर्धे विंचरलेली, आणि मांजर भिंतीवर बसून आमच्याकडं बघतंय. "कसं वाटलं?" आप्पा विचारायचे. "सराव झाला."

या सगळ्यामागचं कारण काकूंनी एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं. कोयनेचा मोठा भूकंप झाला त्या पहाटे त्यांच्या कोयनानगरच्या खोलीत फळीवरचे पितळी हंडे खाली आले. खाली आप्पांची आई झोपलेली होती. एवढं सांगून काकूंनी सूप पाखडलं आणि विचारलं, "तुला आमटी आंबट लागती का गं?" मी ती गोष्ट पुन्हा काढली नाही, त्यांनीही काढली नाही.

माझं गाव कवठे महांकाळकडचं. सातारला यायचं तर सांगलीला गाडी बदलायची आणि दिवस मोडायचा. शाळा आठवीला सुटली. आई आजारी पडली, रान होतं, गुरं होती, मग शाळा राहिली ती राहिलीच. पुढं मोठी झाल्यावर तालुक्याच्या गावी मराठी टायपिंग शिकले, ते मामाच्या हट्टानं. त्याच मामाच्या ओळखीनं सातारची नोकरी लागली. घरी भाऊ म्हणाला होता, "जाऊ दे, पंधरा दिवसांत परत येतीया." वहिनीनं नुसतं माझं खुरपं धार लावून कोनाड्यात ठेवलं होतं, मी परत आल्यावर सापडावं म्हणून. सातारला मी कितीदा तरी कामाच्या मधेच त्या खुरप्याचा विचार करायची.

आप्पांची मुख्य खोड अजून सांगितली नाही. कुणी काही अडचण घेऊन आलं की ते खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करायचे आणि डोळे मिटायचे. "मानसाचं तोंड बगितलं की त्येच्या तोंडावरचंच ऐकू येतं," म्हणायचे. "तू बोल." आणि समोरचा माणूस, म्हणजे पाठीमागचा माणूस, बिघाड सांगायला लागला की ते त्याला थांबवायचे. काय बिघडलं, कधी बिघडतं, यात त्यांना रस नसायचा. त्यांचा प्रश्न एकच. "कवा बिघडत न्हाई?"

विहिरीच्या मोटारीला हाच प्रश्न, नातवाच्या खोकल्याला हाच, सायकलच्या चेनीला हाच. शेजारच्या घरात सासू-सुना फार भांडायच्या. सासू एकदा गाऱ्हाणं घेऊन आली. आप्पा भिंतीकडं वळले.

"कवा भांडत न्हाई?"

"आवं, रोजच की."

"रोज न्हाई. आठव."

सासूनं बराच विचार केला. "एकादशीला न्हाई भांडत बगा."

"एकादशीला काय येगळं असतं?"

"काय असनार? माजा उपास. मी माजी साबुदान्याची खिचडी बाहेर स्टोव्हवर करती. ती तिचं आत करती."

"मग रोज तसं करा," आप्पा म्हणाले आणि खुर्ची परत फिरवली. त्या बाईंनी घरी जाऊन खरंच दोन ठिकाणी रांधायला सुरुवात केली. काही महिन्यांत मुलगा-सून गोडोलीला वेगळे राहायला गेले आणि सासू आप्पांशी बोलायची बंद झाली, ती कायमची. काकूंनी हे ऐकवलं की आप्पा शांतपणे विचारायचे, "पन भांडान थांबलं का न्हाई?"

असा हा माणूस. त्याच्याकडं मी आपणहून गेले नसते.

मी नोकरीला होते ते दुकान पूर्वी धान्याचं होतं. मालकांच्या वडिलांचं. वडील गेल्यावर मालकांनी पोती काढली, भिंतींना पांढरा रंग दिला, एक संगणक आणला आणि बाहेर पाटी लावली: लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारशाची कार्डं, संगणकावर तयार करून मिळतील. पेठेत तेव्हा संगणक फार थोडे होते. लोक चप्पल बाहेर काढून आत यायचे. मालक स्वतः शिकलेले, शांत, बोलायला सभ्य. कुणावर ओरडले नाहीत. मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांच्या निम्म्या वयाची असून. पण दुकान चालवायची रीत त्यांनी वडिलांची ठेवली होती. सकाळी उदबत्ती, संध्याकाळी दिवा, आणि दिवा लागल्याशिवाय हिशेब बंद करायचा नाही.

माझं काम पत्रिका टाईप करायचं आणि पडद्यावर मांडायचं. वर गणपती, दोन बाजूंना वेलबुट्टी, मधे चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. हे सगळं माऊसनं. माऊस म्हणजे तेव्हाचा, पोटात रबरी गोळी असलेला, लांब वायरचा. आणि तो माऊस थांबायचा. चांगला चाललेला बाण पडद्यावर मधेच थिजायचा. एखादी वेलबुट्टी उचलून अर्ध्या वाटेवर आणलेली, आणि बाण तिथंच. माऊस हलवा, आपटा, काही नाही. मग सगळं बंद करून पहिल्यापासून चालू करायचं, आणि मधलं काम गेलेलं. समोर बाकावर नवरीचा बाप बसलेला, हातात आमंत्रितांच्या नावांची चिठ्ठी घेऊन. तो म्हणायचा, "हुतंय का न्हाई आज?" मी म्हणायची, "हुतंय की," आणि माझ्या तळव्याला घाम सुटायचा.

संगणक बसवणारा माणूस पुण्याहून येऊन गेला. त्यानं माऊस उलटा करून खालची चकती फिरवली, गोळी काढून दाखवली, आतल्या चाकांवर बसलेला मळ काडीनं काढला आणि रोज असं साफ करा म्हणाला. जाताना संगणकाच्या पाठीमागं बोट दाखवून म्हणाला, "इथं कुणी हात घालू नका. काही झालं तर जबाबदारी आमची नाही." मालकांनी ते मनावर घेतलं. टेबल भिंतीला लावलं आणि मागं फक्त स्वतःच हात घालायचा असं ठरवलं. मी रोज सकाळी गोळी पुसायची, चाकं पुसायची. माऊस थांबायचाच.

मग एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. मालक कागद आणायला पुण्याला गेले किंवा सासरवाडीला वाईला गेले की माऊस दिवसभर चालायचा. मालक दुकानात असले की थांबायचा.

मालकांनी हे मला एका दुपारी चहा पिताना सांगितलं, आवाज न चढवता. "बाई, मी नसलो की काम होतं. मी इथं बसलो की माऊस थांबतो. याचा अर्थ मी काय घ्यायचा, तुम्हीच सांगा." त्यांनी पुढं सांगितलं की तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याच्या आधी मला खात्रीचा माणूस लागेल, तोवर बघू. त्यांना वाटत होतं की ते समोर असताना मी मुद्दाम काम लांबवते. मला वेगळं वाटत होतं आणि ते जास्त वाईट होतं. मला वाटत होतं, माझ्या भीतीनंच माऊस थांबतो. मालकांच्या चपलांचा आवाज आला की माझा हात गार पडायचा, घामेजायचा, आणि त्यानंतर थोड्या वेळात बाण थांबायचा. मी तळव्याला पावडर लावून बघितली. माऊसवर रुमाल टाकून बघितला. एकदा मनातल्या मनात त्याला विनवूनही बघितलं. यंत्र चांगलं आहे, माझा हातच यंत्राचा नाही, खुरप्याचा आहे, असं मी धरून चालले होते.

जेवण जाईना तेव्हा काकूंनी विचारलं आणि मी सांगितलं. काकूंनी आप्पांना सांगितलं. आप्पांनी खुर्ची भिंतीकडं फिरवली.

"कवा थांबत न्हाई?"

"मालक गावाला गेल्यावर."

"आन?"

"आन कवाच न्हाई. आप्पा, मला भ्या वाटतं. हाताला घाम येतो. त्येनंच थांबत असंल."

"यंत्राला तुजं भ्या कळत न्हाई," आप्पा भिंतीला म्हणाले. "कळलं असतं तर कोयनेचं समदं पंप आमी कवाच बंद पाडलं असतं. आमी लय भ्यायचो."

हे वाक्य मी पुढं अनेकांना सांगितलं. त्या दिवशी मात्र मला त्याचा काही उपयोग वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा दुकानात आले. हेल्मेट घालून आले आणि आत आल्यावरही काढलं नाही. मालक नम्रपणे म्हणाले, "आप्पा, टोपी काढा की, बसा."

आप्पांनी वर बघितलं. भिंतीवर लोखंडी मांडण्या होत्या. "वर काय हाय?"

"कागदाची रिमं."

"मग ऱ्हाऊ दे."

ते बाकावर न बसता खोलीच्या बरोबर मधे स्टूल ओढून बसले आणि भिंतीकडं तोंड केलं. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांना वळसा घालायचं, मग माझ्यापर्यंत पोचायचं. पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि रस्त्यानं ट्रक गेला की पाणी हलतं का ते बघितलं. पाणी हललं. ट्रकमुळं थांबतो असं त्यांनी जाहीर केलं. त्यानंतर ट्रक जाऊनही माऊस चालत राहिला आणि ट्रक नसताना थांबला. मग त्यांना वाटलं उन्हानं होतं. खिडकीला गोणपाट लावलं. अंधारात मला अक्षरं दिसेनात आणि माऊस तर थांबलाच. मग पंखा बंद केला. त्या उकाड्यात एक वरमाई मुहूर्ताची वेळ सांगता सांगता उठून निघून गेली, ती पत्रिका दुसरीकडं टाकायला.

मालक तेवढ्यावरही ओरडले नाहीत. आप्पा गेल्यावर म्हणाले, "बाई, ते वडीलधारे आहेत, मी त्यांना काही बोलणार नाही. पण उद्यापासून त्यांना इथं आणू नका. आणि टायपिंग क्लासमधल्या एका मुलीला मी निरोप पाठवलाय. सोमवारी ती येऊन बघून जाईल."

मी घरी आले ती रागातच. आप्पा अंगणात बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, आता ऱ्हाऊ द्या. दुसरी बाई यायची हाय सोमवारी."

"बरं," ते म्हणाले. "बस. चांगला दिवस परत एकदा सांग."

"कितींदा सांगू? मालक नसत्यात, मी सकाळी शटर उघडती, गोळी पुसती, काम करती."

"सकाळपासनं नको. दिवस सकाळी सुरू हुत न्हाई. आदल्या सांजंपासनं सांग. काय गाळू नको."

काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं, सांगून टाक म्हणून. मी सांगायला लागले. मालक गावाला जायचे असले की आदल्या संध्याकाळी काय होतं. दिवा लागतो. मालक शटरची किल्ली माझ्याकडं देतात. मग टेबलामागं वाकतात आणि टेस्टरनं माऊसच्या पिनेचे दोन स्क्रू आवळतात, त्यांच्या पाठीमागं कुणी तो काढून नेऊ नये म्हणून. मग आम्ही शटर ओढतो.

"आन गावाला जायचं नसलं म्हंजी?"

"मग न्हाई आवळत. मग तर माऊस कपाटात जातो की."

आप्पांनी डोळे उघडले. भिंतीकडंच बघत म्हणाले, "कशात?"

मी सांगितलं. मालकांचे वडील धान्याच्या दुकानात रोज संध्याकाळी वजनं-मापं पुसायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि कपाटात कुलपात ठेवायचे. माप रात्री उघड्यावर ठेवायचं नाही, अशी त्यांची रीत. दुकानात आता मापं नाहीत. मग मालक माऊस ठेवतात. रोज संध्याकाळी मागची पिन काढतात, माऊसला वायर गुंडाळतात, उदबत्ती दाखवतात, फडक्यात बांधून वडिलांच्या कपाटात ठेवतात. सकाळी काढून परत लावतात.

"आन लावताना स्क्रू?"

"रोज काढायचाच असतो, मग आवळून काय करायचं? नुसती पिन खोचत्यात."

काकूंचा पदर तोंडाला लागला होता, हसू दाबायला.

"हे तू आधी का सांगितलं न्हाईस?"

"ती पूजा हाय आप्पा," मी म्हटलं. "त्यात काय सांगायचं?"

खरंच मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मालकांनाही वाटलं नव्हतं. पुण्याचा माणूस संध्याकाळपर्यंत कधी थांबलाच नव्हता.

आता यावरून मालकांना पटवायचं होतं, आणि ते कुणी करायचं, तर ज्यांना दुकानात बंदी होती त्यांनी. आप्पा सकाळी माझ्याबरोबर आले. मी म्हटलं, नका येऊ. ते म्हणाले, "तू फुडं हो, मी वळकीचा न्हाई." पण ते पिवळं हेल्मेट घालून माझ्यामागून पाच पावलांवर चालत होते आणि पेठेतले सगळे त्यांना रामराम घालत होते.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. सैल पिन ओढ बसली की सुटत असेल, हे त्यांना अशक्य वाटलं नाही. मग आप्पा म्हणाले, "आज स्क्रू आवळा आन रात्री तसाच ऱ्हाऊ द्या. उद्या तुमी हितंच बसा, हिच्या मागं. थांबला तर सोमवारी दुसरी बाई घ्या."

"आवळतो," मालक म्हणाले. "पण संध्याकाळी काढणार."

"काढायचा न्हाई. रोज काढून आवळनार हाय का तुमी?"

"माझे डोळे राहिलेत का आता तेवढ्या बारीक स्क्रूला? महिन्यातनं एखाद्या वेळी जमतं."

"म्हनूनच म्हनतो, काढू नका."

मालक पहिल्यांदाच थोडे अस्वस्थ झाले. "आप्पा, तुम्हाला वाटेल हा मागासलेला आहे. पण मी गावात असताना माप उघड्यावर राहिलं असं या दुकानात झालेलं नाही. वडिलांच्या वेळेपासनं. बाहेरगावी असलो की इलाज नसतो, आणि त्या रात्री मला झोप लागत नाही. हे मी बायकोला पण सांगितलेलं नाही."

मला वाटलं, संपलं. आप्पा हसतील, काहीतरी बोलतील आणि सोमवार आजच येईल. आप्पा हसले नाहीत. त्यांनी वर मांडण्यांकडं बघितलं, रिमांच्या थप्प्यांकडं, मग परत मालकांकडं.

"राखनीला मानूस असला म्हंजी उघड्यावर न्हाई ना?"

"म्हणजे?"

"मी झोपतो हितं."

मालकांनी नको म्हटलं, मी नको म्हटलं. आप्पांनी दोघांचं ऐकलं नाही. संध्याकाळी काकूंनी डबा भरला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. मी घरी परतले तेव्हा त्या दारात बसून होत्या. शेवटी म्हणाल्या, "ज्या खोलीत डोक्यावर कायतरी हाय, त्या खोलीत ह्यांनी लगीन झाल्यापासनं कवा डोळा मिटला न्हाई. माज्या म्हायेरालाबी अंगनात झोपायचं." मी म्हटलं, "मी जाऊन सांगू का, या म्हणून?" काकू म्हणाल्या, "आता काय येत्यात?"

सकाळी मालकांनी शटर उघडलं तेव्हा मी बाहेर उभी होते. आप्पा खोलीच्या मधोमध स्टुलावर ताठ बसले होते. डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखालचा पट्टा आवळलेला. अंथरूण घडी घातलेलं तसंच. माऊस टेबलावर होता. "बगून घ्या माप," ते मालकांना म्हणाले आणि उठले. उठताना त्यांनी टेबलाला धरलं, एवढंच. मग सायकल घेऊन घरी गेले आणि अंगणात उन्हात दिवसभर झोपले.

त्या दिवशी मालक माझ्या पाठीमागं खुर्ची टाकून बसले. हलले नाहीत. जेवायलाही गेले नाहीत, डबा तिथंच खाल्ला. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. माझा तळवा नेहमीसारखा घामेजला, नेहमीपेक्षा जास्तच. माऊस हातातून निसटत होता. मी एक लग्न, एक मुंज आणि एक साखरपुडा मांडला. वेलबुट्ट्या उचलून या टोकाहून त्या टोकाला नेल्या. मुद्दाम वायर ताणली. भीती होती, घाम होता, मालक होते, आणि बाण चालत होता.

दिवेलागणीला मालक उठले. टेबल स्वतः पुढं ओढलं, मागं बॅटरी मारून त्या दोन स्क्रूंकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, टायपिंग क्लासमध्ये उद्या निरोप देतो, येऊ नका म्हणून." मी बाकावर बसले.

पण त्यांची अडचण तशीच होती. ते कपाटापुढं उभे होते आणि त्यांना कळत नव्हतं, आता आत काय ठेवायचं. तेवढ्यात आप्पा आले, झोपून उठून, डोळे सुजलेले. दारातूनच त्यांनी सगळं बघितलं आणि मला म्हणाले, "सकाळी तू काय पुसतीस ते काढ." मी माऊस उलटा केला, चकती फिरवली, गोळी काढली. आप्पांनी ती मालकांच्या तळहातावर ठेवली. लिंबाएवढीसुद्धा नसेल, पण जड असते ती.

"ही न्हाई तर कुनी नेऊन काय करंल त्याचं? हे ठेवा आत."

मालकांनी गोळी हातात जोखली, जसं वजन जोखतात तशी. फडक्यानं पुसली. उदबत्ती ओवाळली. कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि कुलूप ओढून बघितलं. त्यानंतर मी तिथं होते तोवर रोज हेच झालं. सकाळी मालक गोळी काढून मला द्यायचे, मी ती माऊसच्या पोटात घालून काम सुरू करायची. गोळी रोज पुसली जात असल्यामुळं माऊस कधी नव्हे इतका हलका चालायचा. आप्पांना हे सुचलं की सहज घडलं, मला माहीत नाही. त्यांनी दोन्ही सांगितलं असतं, विचारणाऱ्यावर अवलंबून.

त्यानंतर पेठेत त्यांचं नाव झालं आणि त्या जोरावर त्यांनी आणखी पुष्कळ चुका केल्या. एका डॉक्टरांच्या फ्रीजला विचारलं, कवा बिघडत न्हाई. तो फ्रीज शेवटी बदलावा लागला. काकू म्हणायच्या, "एकदा लागलं ह्यांचं, आता गाव भोगतंय."

मी सातारला काही वर्षं काढली. कामात हात बसला. आठवी झालेली बाई म्हणून कुणी विचारलं नाही, मालकांनी विचारू दिलं नाही. आता सुरतेला एका छापखान्यात असते. घरापासून पहिल्यापेक्षाही लांब. इथं नवीन माणूस घाबरला की मला त्याच्या हाताकडं बघायची सवय आहे, आणि मग मी यंत्राच्या पाठीमागं बघते.

आप्पांना मी एकदाच विचारलं होतं, तुम्हाला काय हवं ते सांगा, मी देईन. सातार सोडताना, पोवई नाक्यावर गाडीची वाट बघत होतो तेव्हा. त्यांनी नेहमीप्रमाणं तोंड फिरवलं. तिथं भिंत नव्हती म्हणून त्यांनी एका उभ्या एसटीकडं पाठ करून उसाच्या गुऱ्हाळाच्या पाटीकडं बघितलं. म्हणाले, "काय नको." मग गाडी आली, मी चढले, आणि खिडकीतून त्यांनी पिशवी आत देता देता म्हटलं, "एकदा कोयनेला जाऊन यायचं हाय. आमची खोली हुती तितं. पाटनपतुर जातो आन माघारी येतो. फुडं पाय निघत न्हाई."

गाडी हलली म्हणून मला उत्तर देता आलं नाही. ते इथं देते. आप्पा, मी येणार आहे. गाडी करून, दिवसाउजेडी, काकूंना मधल्या सीटवर बसवून. घाट सावकाश चढायला सांगू. पाटणच्या पुढं निघालो की तुम्ही हवं तर डोळे मिटा आणि खिडकीकडं तोंड करा, मी मागं बसेन आणि तुमच्या तोंडाकडं बघणार नाही. खोलीपाशी उतरावंसं वाटलं तर उतरू. नाही वाटलं तर गाडी वळवू, आणि पुन्हा एकदा येऊ.